सी हॅरियरचं बारीक काम : मोठ्या मापाच्या मॉडेलवर हातानं तपशील घडवताना

किटचा खोका उघडण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. तुमचं विमान नेमक्या कोणत्या क्षणी उभं आहे? गोव्यातल्या दाबोळी तळावर मोकळ्या फरशीवर वैमानिकाची वाट बघतंय, विराट या विमानवाहू जहाजाच्या डेकवर साखळ्यांनी जखडलंय, की इंजिन चालू करून निघायच्या बेतात आहे? नव्या माणसाला हा प्रश्न जरा नाटकी वाटतो. पण पुढचं जवळजवळ सगळं बारीक काम याच्या उत्तरावर चालतं. इंजिन बंद असेल तर हवा आत घेणाऱ्या तोंडाभोवतीची छोटी दारं एका तऱ्हेनं लोंबतात, चालू असेल तर दुसऱ्या. सीटवर कोणी नसेल तर सीट चुकून सुटू नये म्हणून तिच्या सेफ्टी पिना लावलेल्या दिसायला हव्यात, त्यांच्या लाल फितींसकट. ही संगती सुटली की कारागिरी कितीही करा, जाणकाराची नजर तिथेच अडकते.

हा लेख भारतीय नौदलाच्या सी हॅरियर एफआरएस ५१ बद्दल आहे, माप १/२४. विमान निवडण्यामागे कारण उघड आहे. पहिली सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीला उतरली आणि मे २०१६ मध्ये ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रननं त्यांना तिथेच निरोप दिला. मधली तीसेक वर्षं ती आधी विक्रांतवरून आणि मग विराटवरून उडाली. शिवाय त्यातलं एक विमान बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात उभं आहे. मॉडेल बांधणाऱ्याला खरं विमान चारी बाजूंनी बघायला मिळणं ही चैन आहे, आणि वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या माणसाला ती एका दिवसात जमते.

खरं विमान साधारण साडेचौदा मीटर लांब आणि पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ७.७ मीटर. २४ नं भागलं की मॉडेल ६० सेंमी लांब आणि ३२ सेंमी रुंद होतं. एवढ्या मापात डोळा काही माफ करत नाही. लहान मापात कॉकपिटमध्ये काळा रंग आणि चार पांढरे ठिपके भागतात, इथे स्विच हा स्विचच दिसावा लागतो. बाजारात या मापाचा जो किट मिळतो तो जुन्या साच्यातला आहे. बाहेरचा आकार बरा, पण आतल्या भागात बराचसा मोकळा प्लॅस्टिकचा माळ. तो माळ भरायचा, तेही पत्रा, तार आणि पातळ प्लॅस्टिक वापरून.

आधी मोजा

एकच गुणोत्तर डोक्यात बसवा: मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावरचे २४ मिमी. किटमधलं चाकाच्या खणाचं दार १ मिमी जाड असेल तर ते खऱ्यात जवळजवळ एक इंच जाडीचं दार झालं, चिलखती गाडीला शोभेल असं. विमानाची कातडी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असते. म्हणजे आपल्या मापात ०.०५ मिमीच्या आसपास, सिगारेटच्या चंदेरी कागदाइतकी. तेवढं पातळ दार करता येणार नाही, करूही नका. फक्त दिसणारी कड आतल्या बाजूनं कानशीनं तिरकी घासून कागदासारखी करा, मधला भाग जाडच राहू दे. बघणाऱ्याला कडच दिसते. अख्ख्या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम हे आहे, आणि सगळ्यात जास्त फरक याच्यानंच पडतो.

आणखी काही मापं हाताशी ठेवा. सीटचा पट्टा साधारण ४५ मिमी रुंद, आपल्याकडे १.९ मिमी. टॉगल स्विचची दांडी १२ ते १५ मिमी, म्हणजे अर्धा मिलिमीटर किंवा थोडी जास्त. चाकाच्या खणातली हायड्रॉलिकची बारीक नळी ८ मिमीची धरली तर ०.३३ मिमी. ही मापं पाठ झाली की सामान घेताना दुकानातच कळतं काय चालेल आणि काय नाही.

ज्याचं माप कुठेच मिळत नाही ते फोटोवरून काढा. फोटोत चाक दिसत असेल आणि चाकाचा व्यास ठाऊक असेल तर साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. अट एकच, मोजायची वस्तू आणि चाक कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवं. म्हणून फोटो जवळून काढू नका. लांब जाऊन झूम करा, तिरपेपणा कमी येतो. बोगमाळोला गेलात तर लोक नाक आणि शेपटीचे फोटो काढतात तेव्हा तुम्ही वाका आणि चाकांच्या खणात बघा. कोणती नळी कुठून निघून कुठे जाते त्याचं पेन्सिलनं रेखाटन करा. फोटोत सावली सगळं गिळून टाकते, रेखाटनात नाही.

मात्र संग्रहालयातलं विमान म्हणजे सेवेतलं विमान नव्हे हेही ध्यानात असू द्या. उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभ्या विमानाला पुन्हा रंग लागलेला असतो, काही तोंडं झाकलेली असतात, काही नाजूक भाग काढून ठेवलेले असतात. आकार आणि मापं तिथून घ्या, रंग आणि खुणा उडत्या काळातल्या फोटोंवरून.

फोटो शोधतानाही सावध राहा. ‘सी हॅरियर’ म्हणून शोधलं की भराभर ब्रिटिशांची एफए २, म्हणजे नंतरच्या सुधारित आवृत्तीची विमानं, येतात. त्यांचं नाक जास्त गोलसर, मागचा धड ३५ सेंमीनं लांब. आपल्या विमानाच्या नाकाच्या अगदी टोकाला पिटॉटची, म्हणजे वेग मोजायची, नळी आहे, एफए २ ला तिथे काही नाही. पहिल्या नजरेत एवढं बघितलं तरी निम्मे चुकीचे फोटो बाजूला पडतात. भारतीय विमानांतही काळ बघा. सुरुवातीला गडद राखाडी वर, पांढरं खाली, आणि पंखाखाली फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्रं. काही विमानांत नंतर इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रं आली. १९८५ च्या रंगाखाली डर्बी टांगलेलं मॉडेल सुंदर असू शकतं, खरं नसतं.

सामान

स्टायरिनचे, म्हणजे किटच्याच जातीच्या प्लॅस्टिकचे, पत्रे मागवावेच लागतात. ०.२५, ०.५ आणि १ मिमी घ्या, जमलं तर ०.१३ सुद्धा. आपल्याकडच्या गावात ते मिळणार नाहीत, कुरिअरनं येतात. स्टेशनरीवाल्याकडचा सनबोर्ड किंवा जुनं ओळखपत्र स्टायरिनच्या जागी चालवू नका. ते पीव्हीसी असतं आणि मॉडेल चिकटवायच्या सिमेंटनं किटच्या प्लॅस्टिकशी वितळून एकजीव होत नाही. दह्याच्या डब्याखाली त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते स्टायरिन आहे, सरावाला फुकट.

बाकीचं बहुतेक सामान मात्र गावातच आहे.

पंखे-मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गेजवर मिळते. ३६ गेज म्हणजे ०.१९ मिमी, ३० गेज ०.३१, २८ गेज ०.३८, २४ गेज ०.५६. तुटके तुकडे दुकानदार सहसा असेच देतो. मेडिकलमधून सीलबंद इंजेक्शनच्या सुया घ्या, त्या म्हणजे तयार स्टीलच्या नळ्या आहेत. १८ गेजची सुई बाहेरून १.२७ मिमी, २० गेजची ०.९१, २२ ची ०.७२, २६ ची ०.४६. तारेचा गेज आणि सुईचा गेज हे दोन वेगळे हिशेब आहेत, त्यांची गल्लत करू नका. आणल्या आणल्या सुयांची टोकं घासून बोथट करा आणि उरलेली टोकं बाटलीत बंद करून टाका, कचऱ्यात मोकळी नकोत.

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, घ्या, ०.२० आणि ०.३० मिमीचा. फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडून अॅल्युमिनियमच्या चिकट टेपचा वीतभर तुकडा. इमिटेशन दागिन्यांच्या दुकानातून सगळ्यात बारीक कडीची साखळी, डेकवर विमान बांधायचं असेल तर. घरच्या खराट्यातले चार हीर काढून टोक चाकूनं चपटं करा. फेव्हिक्विकचा थेंब नेमका जागेवर ठेवायला याच्याइतकं चांगलं हत्यार विकत मिळत नाही.

हत्यारांत खर्च करायचाच तर नव्या पात्यांवर करा. कटरचं पातं बोथट झालं की प्लॅस्टिक कापत नाही, दाबतं. त्याशिवाय टोकदार चिमटा, हाताचं ड्रिल आणि ०.३ ते १ मिमीची बिटं, सुईकानशी, आणि शक्य असेल तर डिजिटल व्हर्निअर. कापायला खाली जाड काच घ्या. रबरी मॅटवर बारीक पट्टी कापताना पातं रुततं आणि कड वळते.

सिमेंटबद्दल एक धोक्याची सूचना. बोर्ड बनवणारे अॅक्रिलिक चिकटवायला क्लोरोफॉर्म वापरतात आणि ‘यानंही चिकटतं’ म्हणून कोणीतरी बाटली हातात देईल. चिकटतं हे खरं, पण बंद खोलीत ती वाफ घेत बसण्याची गोष्ट नाही. मॉडेलसाठीचं पातळ सिमेंट घ्या आणि खिडकी उघडी ठेवा.

हात बसवायला थ्रॉटलची पेटी

पहिलं काम छोटं घ्या. वैमानिकाच्या डाव्या हाताला इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटल असतो, आणि त्याच्याशेजारी हॅरियरचं वैशिष्ट्य असलेला दुसरा दांडा, इंजिनाची हवा बाहेर फेकणारी चार तोंडं खाली-मागे फिरवणारा. ही पेटी बनवताना या छंदातल्या चारही मूळ गोष्टी हाताखालून जातात: कापणं, थर लावणं, भोक पाडणं, तार वाकवणं.

तळाला ०.५ मिमीचा तुकडा. त्यावर ०.२५ मिमीच्या छोट्या चौकटी वेगवेगळ्या कापून शेजारीशेजारी लावा, मध्ये केसाएवढी फट ठेवून. सुरीनं रेघा कोरण्यापेक्षा हे सोपं आणि खरंही, कारण विमानातही ते वेगवेगळे डबे फ्रेममध्ये बसवलेले असतात. फटीत नंतर गडद रंग आपोआप उतरतो.

फिरवायच्या बटणांसाठी किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिची दांडी तापवून ताणा. मेणबत्तीच्या ज्योतीत नाही, ज्योतीच्या वर बोटभर अंतरावर धरून सतत फिरवा. प्लॅस्टिक चकाकून मऊ झालं, मधे झोळ यायला लागला की ज्योतीपासून बाजूला घ्या, क्षणभर थांबा, मग ओढा. हळू ओढलं की जाड दोरा, झटक्यानं ओढलं की केसासारखा. ताणून झाल्यावर थंड होईपर्यंत हात सरळ आणि स्थिर. मग त्या दोऱ्यातून नव्या पात्यानं चकत्या कापा. चकती उडून जाते म्हणून कापताना खाली ओल्या बोटाचा आधार किंवा चिकट टेप ठेवा.

टॉगल स्विचसाठी तंगूस. ०.२० मिमीच्या तुकड्याचं टोक जळत्या अगरबत्तीच्या निखाऱ्याजवळ न्या, टेकवू नका. नायलॉन आकसून टोकाला एक बारीक गोळी तयार होते, अगदी खऱ्या स्विचच्या मुठीसारखी. पेटीत ०.३ मिमीचं भोक पाडा, तंगूसाचं मोकळं टोक वरून घाला, हव्या उंचीला आणा आणि खालच्या बाजूनं फेव्हिक्विकचा बारीक थेंब द्या. प्लॅस्टिकचं सिमेंट नायलॉनला धरत नाही. सगळे स्विच एकाच दिशेला झुकवू नका. विमान बंद असलं तरी सगळे स्विच कधी एका ओळीत झोपलेले नसतात.

दोन्ही मोठ्या दांड्यांसाठी २४ गेजची तार, मुठीला एम-सीलचा कण. एम-सील मळल्यावर लगेच आकार देऊ नका, थोडा ताठ झाला की बोटाला पाणी लावून द्या. तेवढ्या वेळात उजव्या बाजूची पेटी कापून होते.

समोरच्या डॅशबोर्डवर फार वेळ घालवू नका. घड्याळांच्या तबकड्या संगणकावर मोठ्या काढून, छोट्या करून फोटो स्टुडिओत चकचकीत कागदावर छापून घ्या. डॅशबोर्डला भोकं पाडून मागून कागद लावा आणि प्रत्येक भोकात पारदर्शक वार्निशचा एक थेंब, काच झाली. हातानं रंगवलेली घड्याळं या मापात फसतात.

सीट

वरून बघणाऱ्याची नजर आधी सीटवर पडते. सी हॅरियरचं कॉकपिट जुन्या हॅरियरपेक्षा जवळजवळ अकरा इंच उचललेलं आहे, त्यामुळे सीट कॅनोपीत, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेत, चांगली वर दिसते. तिच्यावर एक आख्खा आठवडा घातला तरी तो वाया नाही. सीट मार्टिन-बेकरची मार्क १० कुळातली. विमान जमिनीवर थांबलेलं असतानाही वैमानिकाला सुरक्षित बाहेर फेकणारी.

पट्टे किटमध्ये सीटवरच उठावदार कोरलेले असतील तर ते खरवडून सपाट करा. नवे पट्टे अॅल्युमिनियमच्या टेपचे. टेपचा तुकडा मधून दुमडून स्वतःवरच चिकटवा, मग काचेवर स्टीलची पट्टी धरून १.९ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. कापताना पातं एकदाच ओढा, मागेपुढे नाही. पट्टी कापली की ती कडक आणि खोटी दिसते. ब्रशच्या दांड्यावर दोनचार वेळा उलटसुलट गुंडाळून सैल करा, मग तिच्यात वजन येतं. पट्टा सीटवर सपाट झोपत नाही. खांद्यावरून येतो, कडेवरून वळतो, खाली लोंबतो, कुठेतरी एक पीळ असतो. वैमानिक उतरून गेल्यावर पट्टे कसे पडतात हे एखाद्या फोटोत निरखून बघा आणि तेच करा.

बकलसाठी ३६ गेजची तार. चौकोनी बकल वाकवायला १.९ मिमी रुंद स्टायरिनची पट्टी साचा म्हणून घ्या. तार तिच्याभोवती गुंडाळा, जवळ जवळ दहाबारा वेढे, मग सगळे वेढे एका बाजूनं नव्या पात्यानं कापा. एका झटक्यात दहा सारखी बकलं मिळतात, दोन हरवली तरी चालतात. आणि ती हरवणारच, तेव्हा टेबलाखाली पांढरी चादर अंथरून बसा. पट्टा बकलच्या खालून वर आणि पुन्हा खाली ओवायचा. नुसतं वर चिकटवलेलं बकल लगेच ओळखू येतं.

शिलाईचे टाके दाखवायच्या भानगडीत पडू नका. या मापात टाका म्हणजे दहा शतांश मिलिमीटरच्या घरातलं काम, आणि कोणी तो ठोकून दाखवला की पट्ट्याचं पोतं होतं.

मांड्यांच्या मधली, सीट सोडायची पिवळी-काळी मूठ हा सीटचा सगळ्यात ठळक भाग. २८ गेजच्या तारेचं कडं वाकवा, आधी पूर्ण पिवळं रंगवा. वाळलं की मास्किंग टेपची अगदी बारीक पट्टी नागमोडी गुंडाळून वरून काळा मारा. टेप काढली की पट्टे सरळ आणि सारखे येतात. पिवळ्या रंगात पांढऱ्याचा एक थेंब मिसळा. मापात लहान झालेल्या वस्तूवर शुद्ध भडक रंग बोचतो.

विमान उभं, सीट रिकामी असं ठरवलं असेल तर सेफ्टी पिना विसरू नका. तारेचा तुकडा, त्याला लाल रंगवलेल्या टेपची छोटी फीत. फीत थोडी चुरगळा.

इंजिनाच्या तोंडाभोवतीची दारं

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचा खरा कस इथे लागतो. हॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या तोंडांभोवती मागच्या अंगाला प्रत्येकी आठ छोटी दारं आहेत. सावकाश उडताना किंवा जागच्या जागी तरंगताना इंजिनाला समोरून पुरेशी हवा मिळत नाही, तेव्हा ती आत ओढली जाऊन उघडतात आणि बाजूनं हवा देतात. वेग वाढला की आतल्या दाबानं बंद होतात. मोकळी झुलणारी दारं आहेत, पुढच्या कडेवर बिजागरी. म्हणून इंजिन बंद असताना त्यांना फक्त स्वतःचं वजन उरतं: वरची दारं आत पडून उघडी राहतात, खालची आपल्या वजनानं मिटलेली, आणि मधली अर्धवट. उभ्या विमानाला आठही दारं उघडी किंवा आठही बंद दाखवली तर गुरुत्वाकर्षण सगळीकडे चालतं, फक्त तुमच्या टेबलावर नाही असं वाटेल.

काम असं. आधी वरच्या दारांच्या जागा पेन्सिलनं आखा. आतल्या बाजूनं प्लॅस्टिक घासून पातळ करा, उजेडासमोर धरलं की आरपार थोडं दिसेल इतकं. मग कोपऱ्यात ०.५ मिमीची भोकं, भोकाशेजारी भोक, आणि मधले पूल कापून तुकडा काढा. कडा सुईकानशीनं सरळ. घाईत सरळ कापायला गेलात तर पातं घसरून शेजारची पट्टी जाते.

नवी दारं ०.२५ मिमीची. त्यांना धडासारखा बाक हवा. पत्रा योग्य गोलाईच्या पाइपवर टेपनं घट्ट बांधा, उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरा, लगेच थंड पाण्यात. बाक कायम राहतो. मग त्यातून दारं कापा. बसवताना पुढच्या कडेला सिमेंटचा स्पर्श द्या आणि दार सैल असतानाच मॉडेल सरळ उभं करून ठेवा. कोणतं दार किती झुकवायचं ते उभ्या विमानाच्या फोटोत बघा आणि दोन शेजारी दारं अगदी एकाच कोनात ठेवू नका.

इंजिनाची चार नॉझल, म्हणजे हवा बाहेर फेकणारी ती फिरती तोंडं, याच ओघात बघून घ्या. पुढच्या दोन पंख्याची थंड हवा फेकतात, मागच्या दोन जळका वायू. म्हणून पुढची जोडी रंगानं स्वच्छ, मागची तापून काळपट, आणि मागच्या जोडीमागे धडावर उष्णता सोसणारा उघडा धातूचा पत्रा. तो रंगवण्याऐवजी गोळ्यांच्या पाकिटामागचा फॉइल वापरून बघा. त्यावरची छपाई थिनरनं पुसली जाते. पंखांची टोकं, नाक आणि शेपूट इथे तरंगताना विमान सावरायला हवेचे फवारे सोडणारी छोटी तोंडं आहेत, किटमध्ये ती बहुधा बुजलेली असतात. ड्रिलनं उघडा, पाच मिनिटांचं काम.

चाकांचे खण

हॅरियरची चाकं सायकलसारखी एकामागे एक: पुढे एक, मध्ये जोडी, आणि तोल राखायला पंखांच्या टोकाजवळ दोन बारीक पाय. खण खोल आहेत आणि मॉडेल उलटं केल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून इथे सगळ्या नळ्या लावायची हौस आवरा. पुढच्या खणात काठाजवळच्या चारपाच आणि चाकाच्या दांडीवरची ब्रेकची लाइन एवढं पुरे.

पण ज्या लावाल त्यांना सुरुवात आणि शेवट असू द्या. नळी एका जोडणीतून निघते, क्लिपांनी भिंतीला धरलेली असते आणि दुसऱ्या यंत्रात जाते. हवेत संपणारी नळी कोणत्याच विमानात नसते.

वाइंडिंगची तार रिळावरून वाकडी येते. एक टोक पकडीत घट्ट धरा, दुसरं पकडीनं ओढा. तार किंचित ताणल्याचं हाताला जाणवतं आणि ती दोरीसारखी सरळ होते. वाकवताना चिमट्याच्या टोकानं मोडू नका, सुईवर वळवा, म्हणजे कोपऱ्याला गोलाई येते. जोडण्यांसाठी बारीक टेलिफोन वायरचं प्लॅस्टिक सोलून त्याच्या चकत्या ओवा. क्लिपा टेपच्या अर्धा मिलिमीटर पट्टीच्या.

पिटॉट, वाऱ्याचं पातं आणि कॅनोपीवरची दोरी

विंडस्क्रीनच्या पुढे नाकावर एक छोटं पातं असतं. कमी वेगात विमान आडवं सरकतंय का हे वैमानिकाला त्यावर एका नजरेत कळतं, आणि हॅरियरमध्ये ते कळणं जिवाशी गाठ होती. टेपच्या दुमडलेल्या तुकड्यातून पातं, ३६ गेजच्या तारेचा खांब. किटमधलं असेल तर फेकून द्या, ते नेहमी जाड असतं.

पिटॉट सुयांचा. २० गेजच्या सुईत २४ गेजची सुई जवळजवळ घट्ट सरकते, म्हणजे पायरी पडलेली नळी आपोआप मिळते. सुई पकडीनं तोडली तर तोंड चेपतं. आत तार घालून कानशीच्या कडेनं गोल खाच पाडा आणि मग मोडा.

कॅनोपीच्या काचेवर नागमोडी फिरणारी राखाडी रेघ म्हणजे स्फोटक दोरी. सीट सुटताना ती काच फोडते. ताणलेल्या दांडीचा अगदी बारीक दोरा फोटोप्रमाणे वाकवून, पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं आतून चिकटवा. काचेजवळ फेव्हिक्विक अजिबात नको. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी साय येते, आणि आपल्या दमट हवेत हमखास येते.

पावसाळा आणि रंग

मिरग लागला की टेबलावरचं सगळं वेगळं वागायला लागतं. फेव्हिक्विक हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतं, त्यामुळे जुलैत थेंब जागेवर नेईपर्यंत धरतो आणि उघडी ट्यूब लवकर मरते. न उघडलेल्या ट्यूबा फ्रीजमध्ये, उघडलेली सिलिका जेलसकट घट्ट झाकणाच्या बरणीत. फ्रीजमधून काढलेली ट्यूब खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं. लॅकर रंग पावसात मारलात तर पृष्ठभागावर दुधी छटा येते, तेव्हा तो दिवाळीनंतर मारा. पावसाळ्यात कापणं, वाकवणं, चिकटवणं करा. डीकॅलचे (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांचे) कागद आणि कटरची पाती कपाटात बल्ब लावून ठेवतात तिथेच ठेवा. ड्रिल बिटांना शिलाई मशिनच्या तेलाचा हात, वापरण्याआधी पुसून.

रंगाचा फवारा मारायला कॉम्प्रेसर नसेल तर गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, विचारा. चतुर्थीनंतर तिथला कॉम्प्रेसर बहुधा मोकळा असतो, आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्याच्या शेजारी तासभर बसलात तर ब्रश कसा धरायचा, श्वास केव्हा रोखायचा हे फुकटात शिकता येतं.

रंगाआधी सगळ्या तार-टेप-तंगूस कामावर प्रायमरचा पातळ हात द्यायलाच हवा. धातू आणि नायलॉनवर थेट रंग टिकत नाही. शिवाय राखाडी प्रायमर पडला की तांबं, स्टील, प्लॅस्टिक सगळं एकरंगी होतं आणि चुका उघड्या पडतात: एखादी जोडणी वाकडी, एखादा गोंदाचा ढेकूळ. त्या इथेच दुरुस्त करा. मग मूळ रंग, मग पातळ केलेल्या काळपट-तपकिरी तेलरंगाचा हात, जो फटींत बसतो. खणात जास्त, कॉकपिटमध्ये कमी. नौदलाची विमानं खाऱ्या हवेत धुतली जातात, सांभाळली जातात. त्यांना रानातल्या ट्रकसारखं मळवू नका.

पिटॉट, वाऱ्याचं पातं आणि पंखांच्या टोकांचे पाय सगळ्यात शेवटी लावा, डीकॅल आणि वार्निश झाल्यावर. डेकवर विमान बांधणार असाल तर साखळ्याही तेव्हाच, आणि त्या ताणलेल्या असू द्या. ढिली साखळी म्हणजे बांधलेलं विमान नव्हे. अॅक्रिलिकच्या पेटीत ठेवताना तळाशी सिलिका जेलची एक पुडी लपवा आणि दर पावसाळ्याआधी बदला.